अर्धा फेरा

धाकटीने त्या ज्यूकबॉक्सला घातलेल्या शिव्या कुणी दाराबाहेरून ऐकल्या असत्या, तर घरात तिसरं माणूस राहतं असंच वाटलं असतं. आणि एका परीने ते राहतही होतं. नाणं टाकलं की गाणं म्हणणारं ते कपाटाएवढं धूड पुढच्या खोलीत ठाण मांडून बसलं होतं. पाहुण्यांनी बसायचं कुठे हा प्रश्न आता उरला नव्हता, कारण पाहुणे येणंच बंद झालं होतं.

बाबांचं गाण्याच्या यंत्रांच्या दुरुस्तीचं दुकान मोडलं तेव्हा बाकी सगळं विकलं गेलं, हे एक राहिलं. आतून ठणठणीत, दुखणं सगळं प्लास्टिकचं. दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाच्या वाकवलेल्या पट्ट्या, त्यांच्यामागे दिवे. दिव्यांच्या उष्णतेने जुन्या पट्ट्या आकसल्या, तडकल्या. तसल्या पट्ट्या आता कुठे मिळत नाहीत. थोरली लग्न होऊन परगावी गेली, मग आई वारली, आणि बाबा धाकटीला म्हणाले, "हे एवढं उभं करून दे, मग तू खुशाल जा."

धाकटीने ते खरं मानलं. ती पट्ट्या घरीच करायला शिकली. लाकडाचा साचा तासायचा, प्लास्टिकची शीट स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये तापवायची, ओल्या कपड्यासारखी मऊ पडली की हातमोजे घालून साच्यावर दाबून धरायची आणि गार होईपर्यंत नाक खाजलं तरी हलायचं नाही. पण खरी मेख होती बसवण्यात. स्क्रू टेकेपर्यंत पिळायचा आणि अर्धा फेरा मागे घ्यायचा. दिवे लागले की प्लास्टिक फुगतं. त्याला हलायला जागा नसेल तर भोकापासून चीर जाते. हा अर्धा फेरा तिला बाबांनीच शिकवला होता, ती फ्रॉकमध्ये असताना, तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवून.

यंदा थोरलीने तिच्यासाठी काम पाहिलं. दुकानांच्या पाट्या बनवणारा कारखाना, प्लास्टिक वाकवायचंच काम, राहायला थोरलीचीच वरची खोली.

"त्या डब्याची अजून किती सेवा करणार आहेस?" थोरली फोनवर म्हणाली. "रविवारी गाडी घेऊन येते. या खेपेला आली नाहीस तर ती जागा दुसऱ्या कुणाला देतील."

धाकटी झपाटल्यासारखी कामाला लागली. पट्टी बसवून बाजारात गेली, येऊन बघते तो तडकलेली. पुन्हा केली, पुन्हा तीच गत. ओव्हनला, शीटला, नशिबाला, सगळ्यांना बोल लावून झाले. मग तडकलेली पट्टी उतरवताना तिचं लक्ष स्क्रूकडे गेलं. तो गच्च आवळलेला होता आणि त्याची खाच चेचली होती, थरथरत्या हातातून स्क्रू ड्रायव्हर निसटला की चेचते तशी. घरात थरथरणारे हात कुणाचे, हे काही ज्योतिषाला विचारायची गरज नव्हती. आणि बाबा अर्धा फेरा विसरले असतील, हे तर शक्यच नव्हतं.

ती रडली नाही. तिला संताप आला, संतापाखाली कीव आली, आणि आपल्याला कीव यावी याचा पुन्हा संताप आला.

रविवारी सकाळी नवी पट्टी तयार होती. फाटकाशी थोरलीची गाडी उभी, इंजिन चालू. धाकटीने सगळे स्क्रू लावले, शेवटचा तेवढा बाबांच्या हातात ठेवला, स्क्रू ड्रायव्हरसकट.

"हा तुम्ही लावा, बाबा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. स्क्रू टेकला. हात थांबला. मग त्यांनी तो आणखी पिळला, तिच्या डोळ्यांदेखत. कट्कन आवाज आला.

"हात थरथरतो गं," बाबा म्हणाले.

"माहितीये मला."

तिने बॅग उचलली. पडली चीर तर पडू दे. ताठ मानेने ती फाटकापर्यंत गेली, गाडीचं दार उघडलं, आणि मागून गाणं सुरू झालं. स्वच्छ, खणखणीत. तडकलेल्या पट्टीसकट यंत्र सुरेख गात होतं. ते नेहमीच गात आलं होतं. गाण्याचं पट्ट्यांवाचून कधीच काही अडलं नव्हतं. म्हणजे ती केव्हाच जाऊ शकली असती.

पण गाणं चालू म्हणजे मागचे दिवेही चालू. ते तापणार, चीर वर सरकत जाणार, पट्टीचे दोन तुकडे होणार. दिव्यांचं बटण पार खाली, मागच्या बाजूला. बाबांना तेवढं वाकता येत नाही.

"ताई, दोन मिनिटं," ती म्हणाली. "नुसते दिवे बंद करून येते."

थोरलीने तिच्या हाताकडे पाहिलं. धाकटी बॅग बरोबर घेऊनच आत निघाली होती. मग थोरलीने किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.