इतो-सान नव्हे, यून मी-सुक: नागोयातल्या एका मैफिलीसाठी

कावासाकीच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी इतो-सान या बाई बसतात. वय पन्नाशीचं, बोलणं मोजकं, आणि टेस्टिंगमध्ये त्यांच्या नजरेतून एक चूक सुटेल तर शपथ. गेल्या महिन्यात लंचला त्यांनी माझ्यापुढे एक पत्रक सरकवलं. नागोयात शनिवारी दुपारी दोन वाजता समकालीन संगीताची मैफील, बासरी आणि गायागुम. गायागुम म्हणजे कोरियाचं पारंपरिक तंतुवाद्य: बारा तारा, आडवं मांडीवर घेऊन बोटांनी छेडायचं. वादकाचं नाव छापलं होतं, यून मी-सुक.

"या कोण?" मी विचारलं.

"मीच," त्या म्हणाल्या.

त्यांचे आजोबा कोरियातून इथे आले. तेव्हापासून त्यांच्याकडे घरात कोरियन नाव आणि बाहेर जपानी. शाळेत इतो, बँकेत इतो, ऑफिसात इतो. वीस वर्षं गायागुम शिकल्या, छोट्या-मोठ्या कार्यक्रमांत वाजवलं, तेही इतो म्हणूनच. खरं नाव पहिल्यांदाच छापलं होतं.

"आई नागोयालाच राहते. तिला पत्रक पाठवलं तर फोनवर म्हणाली, तुला शाळेत कुणी चिडवू नये म्हणून मी हे नाव जन्मभर लपवलं, आणि तू ते भिंतींवर चिकटवतेस? मी येणार नाही."

"मग मी येते," मी म्हणून टाकलं, आणि संध्याकाळी तिकीटच काढलं.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. कावासाकीहून आधी शिन-योकोहामा गाठायचं. तिथून नोझोमी शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, नागोया दीड तासाच्या आत येतं, एका बाजूचे साधारण साडेदहा हजार येन पडतात. फुजी बघायचा तर जाताना उजवीकडची खिडकी घ्या. सोबत वाद्य असेल तर डब्याची शेवटची रांग बुक करा, सीटमागे जागा मिळते. आम्ही तेच केलं. दीड मीटरहून लांब ती पेटी दोघींनी मिळून उचलली, तेव्हा कळलं की यून-सान एरवी हे ओझं एकट्या वाहतात.

शेजारच्या रांगेतल्या आजोबांनी कौतुकाने विचारलं, "कोतो का?" कोतो हे जपानी वाद्य, लांबून तसंच दिसतं.

यून-सान त्यांच्याकडे वळल्या. "नाही. गायागुम. कोरियन."

"अस्सं! कधी ऐकलं नाही बुवा," आजोबा म्हणाले आणि पुन्हा पेपरात गेले. बस्स, एवढंच. यून-सान माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आजवर प्रत्येकाला मी 'हो, कोतो' म्हणत आलेय." त्या गडबडीत फुजी कधी मागे गेला ते दोघींनाही कळलं नाही.

नागोया स्टेशनवर किशिमेन या चपट्या नूडल्स प्रसिद्ध आहेत, फलाटावर उभ्यानेच खातात. पण रस्सा माशाचा. मी शाकाहारी, त्यामुळे घरून तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या. यून-सानना काहीच जाईना. शेवटी माझ्या आग्रहाने एक पुरी खाल्ली, आणि मग आणखी दोन.

हॉल छोटा, दीडशे खुर्च्यांचा, आणि भरलेला. फक्त माझ्या शेजारची एक खुर्ची रिकामी होती. ती यून-सानच्या आईची, तिकीट त्यांनी पत्रकासोबतच पाठवलं होतं.

पहिला भाग मला जड गेला, खोटं कशाला सांगू. बासरीवादक कोमाकी-सान, तिशीतली मुलगी, धातूच्या बासरीतून आधी नुसता श्वासच सोडत होती. सूर यायची वाट बघता बघता मी अस्वस्थ झाले. मग गायागुमची एक तार वाजली. यून-सानच्या डाव्या हाताने ती तार दाबली आणि सूर वाकला, अगदी आपल्या मींडेसारखा. मी सरळ होऊन बसले.

मध्यंतर संपताना दाराशी एक ठेंगणी म्हातारी बाई दिसली. हातात काठी, पत्रकाची चौघडी. रांग शोधत ती माझ्यापाशी आली आणि रिकाम्या खुर्चीत बसली. मी नुसती मान लववली. तिने उत्तरादाखल मान हलवली, नजर मात्र स्टेजवरच.

दुसऱ्या भागात कोमाकी-सानने खास या दोन वाद्यांसाठी लिहिलेली नवी रचना होती. यून-सान आल्या, बसल्या, आणि आई दिसली. हात तारांवर तसाच राहिला. कोमाकी-सान थांबली, घाई केली नाही. आणि मग जे सुरू झालं! सुरुवात संथ, तार आणि फुंकर एकमेकींना चाचपत होत्या. लय वाढली तशी बासरी झेपा घ्यायला लागली आणि गायागुम तिच्या पुढे धावायला लागलं. सगळं सभागृह श्वास रोखून, अगदी जपानी शिस्तीत गप्प.

"चोता!"

माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला. कोरियन भाषेत 'झकास!' आईने काठी जमिनीवर आपटली होती. त्यांच्याकडेही वादकाला अशी दाद देतात, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "वाऽऽ! क्या बात है!"

चार माना वळल्या. मागून आणखी एक "चोता!" आला, मग डावीकडून. स्टेजवर यून-सान हसत होत्या, ऑफिसात आठ वर्षांत न पाहिलेलं हसू, आणि बोटं थांबत नव्हती. शेवटचा सूर विरला आणि लोक उभेच राहिले. तीनदा परत बोलावलं त्यांना.

बाहेर लॉबीत आई पोस्टरपाशी उभी होती. एका अनोळखी बाईने विचारलं, "ओळखीच्या आहेत का या?"

"मुलगी आहे माझी," ती जपानीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "यून मी-सुक. यून."

यून-सान मागे येऊन उभ्या होत्या. आईने त्यांचा उजवा हात हातात घेतला, बोटांवरचे घट्टे अंगठ्याने चाचपले आणि म्हणाली, "शेवटी फार घाई केलीस." दोघी रडत हसत होत्या. मी पेटीची राखण करायला तिथून सटकले.

रात्री आईंकडेच राहिलो. रविवारी सकाळी त्यांनीच आम्हाला कॉफी शॉपमध्ये नेलं. नागोयात सकाळी फक्त कॉफी मागवली की टोस्ट आणि उकडलेलं अंडं सोबत येतं. टोस्टवर अझुकीचं, म्हणजे लाल कडधान्याचं, गोड पुरण घ्या, शाकाहारी माणसाची चंगळ. माझं अंडं आईंनी खाल्लं.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "कशी झाली मैफील?" राग सांगता येईना, ताल सांगता येईना. मी आईंची ती 'चोता!' तेवढी ओरडून दाखवली.

सोमवारी सकाळी सगळ्या टीमला एक मेल आला. विषय: टेस्ट रिपोर्ट. नेहमीसारखाच चार ओळींचा, कोरडा, आणि माझ्या तीन चुका दाखवणारा. खाली सही होती, यून मी-सुक, आणि सोबत मैफिलीचं पत्रक जोडलेलं. दहा मिनिटांत बॉसचं उत्तर आलं: "यून-सान, रिपोर्टबद्दल आभार. पुढची मैफील टोकियोत करा, आम्ही सगळे येतो."