न पावलेल्या देवाची गोधडी

माझ्या मावशीला सुई धरता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे. ती शहरबस चालवते. गिअर टाकून टाकून तिच्या तळहाताला घट्टे पडलेत आणि तिचा आवाज बसच्या मागच्या दारापर्यंत सहज पोचतो. शर्टाचं बटण तुटलं, की ते काका लावून द्यायचे. काका घड्याळं दुरुस्त करायचे, त्यामुळे घरातली सगळी बारीक कामं त्यांची आणि सगळी भांडणं मावशीची, अशी वाटणी लग्नापासून ठरलेली होती.

काका आजारी पडले तेव्हा दवाखान्यात त्यांना खिडकीजवळची खाट मिळाली. ती खिडकी नीट लागायची नाही. वॉर्डातलं पांघरूण इतकं विरलेलं, की असून नसल्यासारखं. मावशीनं घरून जाड ब्लँकेट नेलं, काकांना ऊब आली. पण काका म्हणाले, "आपण गेलो की हे आपल्याबरोबर जाणार. पुढचा माणूस पुन्हा कुडकुडणार." काकांचा स्वभावच तसा होता. स्वतः अंथरुणाला खिळलेले आणि काळजी पुढच्याची.

त्या दिवशी मावशी व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या प्रार्थनेच्या खोलीत गेली आणि नवस बोलली. काका स्वतःच्या पायांनी घरी आले, तर त्या खाटेवर ती स्वतःच्या हातानं शिवलेली गोधडी घालणार. मी तिला वेड्यात काढलं. म्हटलं, गोधडीच का? तुला साधा दोरा ओवता येत नाही. ती म्हणाली, "जे मला येतं ते देऊन माझं काय जातंय?"

काका घरी आले नाहीत.

दिवस सरले, मावशी पुन्हा कामावर जायला लागली. मग एका सकाळी कामावर जाताना तिनं सुयांचं पाकीट विकत घेतलं. घरात कुजबुज सुरू झाली. तिचे धाकटे दीर समजावायला आले. ते भले गृहस्थ, प्रत्येक गोष्ट खाली बसून, घसा खाकरून सांगणारे. ते म्हणाले, "वहिनी, देव पावलाच नाही. मग नवस फेडायचा कशाला?"

मावशी म्हणाली, "तो शब्दाला जागला नाही, म्हणून मीही जागू नको?"

देवानं शब्द कधी दिला होता, हे विचारायची हिंमत कोणाला झाली नाही. दीर चहा अर्धा टाकून गेले.

मला शिवण येतं. मी म्हटलं, मी शिवते, तू शेवटचे चार टाके घाल, देव काही तपासायला येत नाही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा तो विषय काढला नाही. काकांचे कपडे तिनं गरजूंना देऊन टाकले होते. ते कोणाच्या तरी अंगावर फिरले पाहिजेत, कापून ठेवायचे नाहीत, असं तिचं म्हणणं. गोधडीसाठी तिनं स्वतःच्या ड्युटीच्या जुन्या पँटी काढल्या. ते कापड इतकं राठ, की सुया मोडायला लागल्या. शेवटी डेपोतल्या मेकॅनिकनं तिला पक्कड दिली. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात मावशी विश्रांतीच्या बाकावर बसायची, सुई खुपसायची आणि पलीकडून पकडीनं ओढायची. एकदा कंडक्टरनं हाक मारली म्हणून ती ताडकन उठली, तर गोधडीही बरोबर उठली. अंगावरच्या पँटीला शिवली गेली होती. सगळा डेपो पोट धरून हसला. मावशी हसली नाही. तिनं टाके कापले, बसली आणि तिथूनच पुढे सुरू केलं.

शिवताना तिचे ओठ हलत असायचे. कंडक्टरला वाटायचं, बाई जप करतेय. मी एकदा जवळ जाऊन ऐकलं. ती देवाला फैलावर घेत होती. इतकी माणसं सोडून तुला हाच सापडला का, असा एक टाका. त्यानं कोणाचं काय वाकडं केलं होतं, असा दुसरा. मी गुपचूप मागे सरले. प्रार्थनेच्या खोलीत तिनं त्यानंतर पाऊल टाकलं नव्हतं, पण देवाशी इतकं बोलताना मी तिला कधीच पाहिलं नव्हतं.

गोधडी झाली. खरं सांगायचं तर ओबडधोबड झाली. एक बाजू लांब, मध्ये गोळे, आणि टाक्यांची रांग सरळ निघून मध्येच वळण घेतलेली. ती उचलून आम्ही दोघी वॉर्डात गेलो. मोठ्या सिस्टरनी हात जोडले. पेशंटनं स्वतःचं आणलेलं चालतं, म्हणाल्या, पण वॉर्डासाठी बाहेरचं घेता येत नाही. एवढं जाड धुणार कोण?

"मी धुणार," मावशी म्हणाली. "माझी बस या दारावरूनच जाते. दर आठवड्याला नेईन, उकळत्या पाण्यातून काढीन, वाळवून आणीन."

"आणि किती दिवस आणाल?"

"गाडी चालवतेय तोवर."

सिस्टरनी मावशीकडे पाहिलं, मग त्या न लागणाऱ्या खिडकीकडे पाहिलं. त्या खाटेवर आता एक म्हातारे गृहस्थ होते, गुडघे पोटाशी घेऊन पडलेले. सिस्टर बाजूला झाल्या. मावशीनं गोधडी त्या गृहस्थांच्या अंगावर घातली. त्यांनी ती चाचपून पाहिली.

"डोळे मिटून शिवलीय का कोणी?" ते म्हणाले.

"मी शिवलीय," मावशी म्हणाली.

"जड आहे." असं म्हणून त्यांनी ती हनुवटीपर्यंत ओढली आणि पाय लांब केले.

मावशी सरळ व्हरांड्याच्या टोकाला गेली. मी मागे धावले. मला वाटलं, आता हिचा बांध फुटणार. खोलीत दोन बायका डोळे मिटून बसल्या होत्या. मावशी दारातच उभी राहिली, चपलाही काढल्या नाहीत, आणि बसच्या मागच्या दारापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाली, "मी बोलले ते केलं. आता त्या म्हाताऱ्याचं तू बघ."

दोघी बायकांनी डोळे उघडले. मावशी वळली आणि ड्युटीवर गेली.

अजूनही ती दर आठवड्याला गोधडी नेते आणि आणते. खाटेवरचा माणूस बदललेला असला, तर आधीचा बरा होऊन घरी गेला की नाही, हे ती सिस्टरना विचारत नाही. परत जाताना फक्त त्या खोलीच्या दारात क्षणभर थांबते आणि आत रोखून बघते.