खवलेमांजराचा रखवालदार

पिंजऱ्यापाशी पोचलं की आमचा रखवालदार आधी पायातल्या वहाणा काढायचा. मुलं हसायची. तो म्हणायचा, "हसा. पन दुसऱ्याच्या दारात हाव आपन, ह्ये ध्येनात ठेवा."

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी अलिबागच्या दक्षिणेला, आमच्या गावातल्या शाळेनं आवारात छोटा प्राणिसंग्रह सुरू केला. वाघसिंह तुम्हाला तिथं दिसले नसते. एक घोरपड, साळिंदर, भेकर आणि फाशात पाय गमावलेलं एक खवलेमांजर. आपल्या रानातली जनावरं मुलांनी ओळखावीत, मारू नयेत, एवढाच हेतू. मी तिथला मास्तर, कारभार माझ्याकडे. शिकवायचा मात्र तोच. "नाव मांजर, पन उंदराला घाबरंल," म्हणून मुलांना खदखदा हसवायचा.

ते खवलेमांजर मुंग्या नि वाळवीशिवाय कशाला तोंड लावत नसे. हा रोज वारूळ खणून टोपलीभर माती आणायचा. नागपंचमीला आमच्याकडे जमिनीला कुदळ लावत नाहीत, म्हणून आदल्या दिवशीच भरून ठेवायचा. त्या वर्षी ती टोपली पावसात भिजली, मुंग्या वाहून गेल्या. सणाच्या सकाळी त्यानं बांधावरचं वारूळ खणलं, आणि पूजेला आलेल्या बायकांनी ते नेमकं पाहिलं.

गाव खवळलं. "ह्यो मानूस शालंत दिसला तर पोरं धाडनार न्हाय," असं पंच बजावून गेले. मी त्याला म्हटलं, "आठ दिवस घरी बस. मी बघतो."

काय बघणार, कपाळ! अंडं ठेवलं, दूध ठेवलं. ते हुंगायचंसुद्धा नाही. गावात दुसरं कुणी वारुळाला हात लावायला तयार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो टोपली घेऊन फाटकाशी आला. "मी आत येत न्हाय, गुरुजी. येवढी तुमी न्या."

पडवीत पंच बसले होते. मी म्हटलं, "आज नको." मी भ्यालो, दुसरं काही नाही.

सहाव्या दिवशी सकाळी ते अंगाचं वेटोळं करून मरून पडलेलं दिसलं. तो न बोलावता आला. त्यानं कुंपणापाशी खड्डा खणला, त्याला पुरलं, हात धुतले.

"पोरांना काय सांगनार?"

"आजारानं गेलं म्हणून."

त्यानं वहाणा पायात घातल्या नि तो निघाला. पुढल्या आठवड्यात मुंबईला गोदीत कामाला गेला, तो परत आलाच नाही.

परवा एक जुना विद्यार्थी भेटला. त्याचीच मुलं आता मोठी झालीत. म्हणाला, "गुरुजी, आपलं ते खवलेमांजर कशानं गेलं होतं हो?"

"आजारानं," मी म्हटलं.