डोळ्यातला कच्चा रंग

मला एका जागी गप बसता येत नाही. लहानपणी येत नव्हतं, सासरी खांडबाऱ्याला येत नव्हतं, आता म्हातारपणीही येत नाही. आयुष्यात एकदाच दात-ओठ खाऊन बसले, ते नंदुरबारच्या एका डॉक्टरच्या काळ्या खोलीत, भरदुपारी, आबांच्या शेजारी.

आबा म्हणजे माझे वडील, रनाळ्याचे रंगारी. लुगडी रंगवायचे. दोन्ही डोळ्यांत फूल पडल्यासारखं पांढरं झालं आणि हातातलं लुगडं लाल की काळं ते त्यांना कळेना. भावांनी हात झटकले, म्हणाले वय झालं. मला असा संताप आला! सासूला सांगितलं, मी चालले, आणि गाडीत बसून माहेरी आले. आबांना बैलगाडीत घातलं आणि थेट डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर मुंबईला शिकून आलेला, बोलायला मऊ. म्हणाला, "मोतीबिंदू काढता येईल बाबा. पण मागचा पडदा जिवंत असेल तरच. तो मेला असेल तर डोळा उगाच चिरायचा नाही."

मग त्याने कंदील धरून विचारलं, उजेड कुठे? आबांनी डावीकडे, उजवीकडे, वर, सगळं बिनचूक सांगितलं. मी खूश. तेवढ्यात डॉक्टरने पेटत्या कंदिलावर जाड कापड टाकलं आणि पुन्हा विचारलं. आबा ठासून म्हणाले, "दिसस ना! हाऊ काय, आठे शे!" म्हणे इथेच आहे!

गालाला धग लागत होती, रॉकेलचा वास येत होता. त्यावर सगळी बाजी मारत होते आमचे आबा.

बाहेर ओसरीवर मी त्यांना फैलावर घेतलं. थापा कशाला मारतोस? तर आबाच माझ्यावर उखडले. "आपन पडदा काढाले उनूत, नि हाऊ म्हणस पडदा जित्ता पाहिजे! मी दिसस म्हनसू तवयच तो काढी ना?" आमच्याकडे मोतीबिंदूलाच पडदा म्हणतात. डोळ्यावर पडदा आला, पडदा काढला. डॉक्टरचा पडदा डोळ्याच्या तळाशी, आबांचा दारातच. काय बोलावं! हसू पण येईना.

डॉक्टरने मग त्यांना त्यांच्याच धंद्याच्या भाषेत समजावलं. तळाच्या पडद्याला जांभळट रंग असतो. उजेडात तो उडतो, अंधारात बसलं की पुन्हा चढतो.

"म्हंजे कच्चा रंग शे," आबा म्हणाले. त्या दिवसात पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला.

डॉक्टरकडे हाडांचे फोटो काढायचं यंत्र होतं, मागच्या अंगणातल्या इंजिनावर चालणारं. त्याचा किरण दिसत नाही, त्याला धग नाही, वास नाही. मोतीबिंदूला तो जुमानत नाही, आरपार जातो. पण डोळा अंधारात मुरलेला असला, तर हा किरण त्या रंगाला ढवळतो आणि मिटल्या डोळ्यांनाही धूसर उजेड जाणवतो. आबांना तो जाणवला तर ऑपरेशन. नाही तर जन्मभर असंच. "फार वेळ किरण देणार नाही, बरा नसतो," असंही डॉक्टर म्हणाला. त्याची स्वतःची नखं तडकलेली होती, बोटांची कातडी सालीसारखी. ते पाहिलं, तरी म्हटलं आता माघार नाही.

मलाही आबांच्या गालाला गाल लावून बसवलं. माझे डोळे चांगले, तेव्हा किरण पोचतो की नाही ते नंतर मला विचारायचं. जाणवलं की आबांनी लगेच बोलायचं, मी मात्र मधे अवाक्षर काढायचं नाही. इंजिन चालूच राहणार, किरणाच्या वाटेत शिशाचा पत्रा, तो केव्हा सरकवणार ते सांगणार नाही.

डॉक्टर यंत्राकडे वळला तसे आबा माझ्या कानाशी लागले. "माय, तुले उजेड दिसना का मन्हा हात दाबजो." म्हणजे मला दिसला रे दिसला की त्यांचा हात दाबायचा.

खिडक्यांना काळं कापड. रंग चढेपर्यंत नुसतं बसायचं. अगं बाई, काय ते बसणं! पायाला मुंग्या, मानेवर घाम, कानाशी एक मेला डास. इंजिनाची धडधड छातीत वाजत होती. मी जरा चुळबुळ केली की बांगड्या वाजायच्या आणि डॉक्टर खाकरायचा. शेवटी बांगड्या कोपराकडे सरकवून पदरात गच्च गुंडाळल्या. आबा मात्र शांत. मला वाटलं, उठावं, दार उघडावं, पळत सुटावं.

आणि मग मिटल्या पापण्यांच्या आत काहीतरी आलं. हिरवट राखाडी, धुक्यासारखं, कुठून आलं ते न कळणारं. मी हात दाबला. हो, दाबला! आजही दाबेन. बापाचे डोळे होते ते, डॉक्टरची परीक्षा गेली खड्ड्यात.

आबा बोलले नाहीत.

धुकं गेलं, परत आलं. मी नखं रुतेपर्यंत दाबला. बोल ना रे आबा, बोल! डॉक्टरने विचारलं, "बाबा, काही जाणवलं?"

"नही," आबा म्हणाले. "काहीच नही."

दार उघडल्यावर डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मला दिसलं होतं. त्याने आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि इंजिन बंद करायला गेला.

परतीच्या वाटेवर मी गाडीत धुसफुसत होते. वाट संपत नव्हती आणि बैल मुद्दाम हळू चालल्यासारखे वाटत होते. शेवटी राहवेना. "आबा, मी इतका हात दाबला, मग हो काबर नही म्हना तू?"

आबा म्हणाले, "कोठडीमा बसनूत तवय माले बरं वाटे, माय. म्हनं, आठे तर सगळासलेच अंधारं शे. मंग तू हात दाबा, नि अंधारं मन्हं एकलानंच ऱ्हायनं."