कॅमेऱ्याबाहेरचा फॉरवर्ड

“मला फक्त एवढंच सांगा, ठेवायचा की काढायचा?”

स्पीकरफोनवर ब्रेट विचारत होता. ब्रेट हा ऑस्ट्रेलियातल्या एका फुटबॉल क्लबचा लिस्ट मॅनेजर. लिस्ट मॅनेजर म्हणजे पुढच्या सीझनसाठी कोणाला ठेवायचं आणि कोणाला नारळ द्यायचा हे ठरवणारा माणूस. त्याला स्वतःचं मत नव्हतं असं नाही. ते मत दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर यावं, एवढीच त्याची इच्छा होती. त्यासाठी त्याने आम्हाला कामाला लावलं होतं. आणि आम्ही बसलो होतो सिंगापूरला, तोआ पायोहमध्ये, एका फूड कोर्टच्या वरच्या मजल्यावर.

ही गोष्ट दोन हजार तीन-चारच्या सुमाराची. आमच्या कंपनीचं काम सांगायला सोपं होतं. क्लब मॅचच्या टेप्स कुरिअरने पाठवायचे. आमची टीम हेडफोन लावून त्या बघायची आणि प्रत्येक खेळाडूने काय केलं ते कॉम्प्युटरमध्ये भरायची. बॉल पकडला की एक क्लिक, लाथेने मारला की दुसरी. याला आम्ही कोडिंग म्हणायचो. पुण्यात माझ्या सासऱ्यांना वाटायचं की जावई सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो गैरसमज मी कधी दूर केला नाही. क्लिकांचे तक्ते करायचे, तक्त्यांचे आलेख आणि आलेखांचा रिपोर्ट, हे माझं काम. हुद्दा सीनिअर ॲनालिस्ट. नोकरीला लागेपर्यंत हा खेळ मी कधी पाहिलेला नव्हता, पण इंटरव्ह्यूत ते कोणी विचारलंच नाही.

खेळाबद्दल थोडं सांगतो. हा आपला फुटबॉल नव्हे. मैदान क्रिकेटचं, बॉल लंबगोल, हात-पाय दोन्ही चालतात आणि धक्काबुक्कीही बऱ्यापैकी चालते. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून बॉल मारला की गोल, त्याचे सहा गुण. नेम चुकून तो शेजारच्या फटीतून गेला तरी एक गुण मिळतो. चुकल्याबद्दल गुण देणारी दुसरी व्यवस्था मी फक्त आमच्या ऑफिसच्या अप्रेझलमध्ये पाहिली आहे. या खांबांच्या आसपास राहून गोल मारायचे हे फॉरवर्डचं काम.

ज्याचा निकाल लावायचा होता तो असाच एक फॉरवर्ड. त्याला आपण मिक म्हणू. मिक ‘मॅच्युअर-एज’ खेळाडू होता. तिकडे क्लब पोरांना अठराव्या वर्षी उचलतात. मिकला सव्विसाव्या वर्षी उचललं होतं. तोवर तो एका लहान गावात घरांवर पत्रे बसवायचा आणि शनिवारी गावच्या टीमकडून खेळायचा. आता एकोणतिशीत असल्यामुळे क्लबच्या लेखी तो म्हातारा होता. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होतो, म्हणजे माझी जागा म्युझियममध्ये. त्यात मिक ‘फ्रिंज’, म्हणजे काठावरचा. एका आठवड्यात टीममध्ये, पुढच्या आठवड्यात राखीव. त्याचं काँट्रॅक्ट संपत आलं होतं. या क्लबने सोडलं तर या वयात दुसरं कोणी दारात उभं करणार नव्हतं. परत शिडी आणि परत पत्रे.

त्याचा तक्ता उघडला आणि मलाच ओशाळल्यासारखं झालं. बॉल पकडण्याचे आकडे कमी, गोल त्याहून कमी. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इन्व्हॉल्व्हमेंट’ नावाचा एक भारदस्त कॉलम होता, म्हणजे खेळाडू खेळात किती गुंतलेला आहे त्याचं माप. त्यावरून मिक मैदानात हवा खायला येतो असं दिसत होतं. त्याच्याच शेजारी खेळणारा क्लबचा विशीतला लाडका फॉरवर्ड होता. पोस्टरवर त्याचा फोटो, केसांची ठेवण खास. त्याला आम्ही ऑफिसात हिरो म्हणायचो. हिरोचे आकडे बघून कोणालाही त्याला घरी बोलावून जेवू घालावंसं वाटलं असतं.

आमचे बॉस मिस्टर कोह यांनी दोन्ही तक्ते पाहिले आणि ते खूश झाले.

“सिंपल केस. वन पेज, कॅन?”

“कॅन,” मी म्हणालो. सिंगापूरला आल्यावर सगळ्यात आधी मी ‘होईल’ या अर्थाचा हाच शब्द शिकलो होतो.

एक पान लिहायला बसलो आणि एक गोष्ट खटकली. मिक टीममध्ये असला की हिरो धडाधड गोल मारायचा. मिक राखीवमध्ये गेला की हिरोचे गोल आटायचे. असं एखाद्या वेळी झालं असतं तर मी सोडून दिलं असतं, पण सीझनभर तेच चाललं होतं. म्हणून मी टेप लावली आणि मिकला शोधू लागलो. तो सापडेना. बॉल त्यांच्या बाजूला आला रे आला की मिक चौकटीच्या कडेने पळत पडद्याबाहेर निघून जायचा. गोल होऊन सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले की मग कुठूनतरी चालत परत यायचा.

टेप तिसऱ्यांदा मागे घेताना डोक्यात प्रकाश पडला. या टेप्स टीव्हीच्या होत्या. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे फिरतो. आमची टीम पडद्यावर दिसेल तेच भरते. म्हणजे इतकी वर्षं आम्ही खेळाडू मोजत नव्हतो, कॅमेरामन मोजत होतो. हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण त्यासाठी मैदानावर जावं लागतं. आम्ही लिफ्टने खाली जायचो ते फक्त जेवायला.

मी ब्रेटला फोन लावला. “तुमचे कोच लोक गोलच्या मागून उंचावरून शूटिंग करतात ना? त्या टेप्स हव्यात.”

“त्या कशाला? त्यात सगळे मुंगीएवढे दिसतात.”

“पण सगळे दिसतात.”

टेप्स आल्या. चित्र खरोखरच भिकार होतं, पण अख्खं मैदान दिसत होतं आणि मिकही दिसत होता. बॉल येणार असं दिसलं की हा गडी भलत्याच कोपऱ्याकडे जीव खाऊन पळायचा, हात वर करून, ओरडत, जणू बॉल आता आपल्याकडेच येणार. समोरच्या टीमचा सगळ्यात तगडा डिफेंडर त्याच्यामागे धावायचा. कधीकधी दोघे धावायचे. गोलसमोर मोकळं अंगण तयार व्हायचं, त्यात हिरो निवांत चालत यायचा आणि बॉल झेलून गोल मारायचा. लोक नाचायचे. दूर कोपऱ्यात मिक डिफेंडरच्या अंगाखालून निघून चड्डीवरचं गवत झटकत असायचा.

आपल्याकडे लग्नात असा एक काका असतो. नवऱ्या मुलाचे मामा रुसायच्या बेतात असतात आणि हा काका त्यांना मांडवाच्या मागे नेऊन पान खाऊ घालत, गप्पांत गुंतवून ठेवतो. म्हणून मुहूर्त साधतो. लग्नाच्या अल्बममध्ये हा काका एकाही फोटोत नसतो. मिक तो काका होता. हे कळल्यावर मला फार आनंद झाला. त्या नोकरीत असा आनंद वारंवार होत नसे, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

मी रिपोर्ट लिहिला. आकृत्या काढल्या, बाण दाखवले आणि शेवटी स्पष्ट लिहिलं: ठेवा. मिस्टर कोहांनी तो शांतपणे वाचला.

“व्हेरी नाइस. पण क्लायंटने हे विचारलं नाही.”

“ठेवायचा की काढायचा, हेच विचारलंय.”

“त्यांनी डेटा मागितला. धिस वन नॉट डेटा. धिस वन स्टोरी.”

“टेपवर दिसतंय सगळं.”

“सॉफ्टवेअरमध्ये कॉलम आहे?”

“नाही.”

“देन?”

तोडगा मिस्टर कोहांनीच काढला. पहिल्या पानावर नेहमीचा तक्ता आणि माझं सगळं म्हणणं शेवटी, अपेंडिक्समध्ये. अपेंडिक्स शरीरातलं असो की रिपोर्टमधलं, ते दुखेपर्यंत कोणाला आठवत नाही.

ब्रेटचा फोन लगेच आला. “ब्युटिफुल, मेट. अगदी हेच हवं होतं.”

“शेवटची पानं वाचलीत?”

“पहिलं वाचलं ना. शेवटची निवांत बघतो.”

मिकला काढलं. वर त्याला सांगण्यात आलं की क्लबचा नाइलाज आहे, सिंगापूरच्या स्वतंत्र तज्ज्ञांचं तसं मत पडलं. हे ब्रेटने मला अभिमानाने कळवलं. मला भयंकर राग आला. तो मी चहाबरोबरच्या तीळ लावलेल्या बिस्किटावर काढला.

पुढे एका दुपारी रिसेप्शनवरून फोन आला. “एक लय मोठ्ठा आंग मोह आलाय. म्हणतो, सिंगापूरला भेटायचंय.” आंग मोह म्हणजे गोरा माणूस. बाहेर दाराची चौकट भरून मिक उभा होता. बायकोबरोबर युरोपला फिरायला निघाला होता, वाटेत विमान बदलायचं होतं, आमचा पत्ता क्लबमधून मिळवला होता. बायको खाली दुकानांत होती. मी त्याला फूड कोर्टात नेलं आणि चिकन राइस घेऊन दिला.

“तुम्हीच का ते सिंगापूर?” त्याने विचारलं. रागावलेला वाटला नाही.

“त्यातला थोडासा.”

“एकच विचारायचं होतं. तुम्ही मॅच खरंच बघितल्या का?”

“बघितल्या. गोलच्या मागच्या टेप्सही बघितल्या.”

त्याचा चमचा थांबला. “मग तुम्हाला दिसलं असेल.”

“दिसलं. तुम्हाला ठेवा असं लिहिलंही होतं.”

“कुठे?”

“अगदी शेवटी.”

“हं.” तो हसला. “मीही तिथेच असायचो. ते काम मला आमच्या जुन्या कोचने दिलं होतं. दर शनिवारी म्हणायचा, त्यांच्या त्या रेड्याला फिरवून आण. पण कोचला माझ्या आधीच काढलं. बाकी कोणाला ठाऊकच नव्हतं मी काय करतो ते. माझ्या सासऱ्यांनाही वाटायचं की मी बॉलला घाबरतो.”

सासऱ्यांच्या बाबतीत आमचं लगेच जमलं. मला वाईट वाटत होतं आणि तसं मी त्याला सरळ सांगितलं. तो म्हणाला, “निदान एकाने बघितलं.” मग ताट उचलून स्वतः ठेवून आला आणि जाताना त्याने माझ्या खांद्यावर थाप मारली. तो खांदा मला बराच काळ लक्षात राहिला.

पुढचा सीझन सुरू झाला. हिरोचे गोल आटले. आता समोरचा तगडा डिफेंडर कोणामागे पळायला मोकळा होता, ते सांगायला नकोच. पेपरवाले हिरोच्या केसांवर घसरले. सीझन संपत आला तसा ब्रेटचा फोन आला, आवाज पडलेला. पोराला काय झालंय, याचा तातडीने रिपोर्ट हवा होता. मिस्टर कोहांनी फाइलला नवं नाव दिलं आणि काम माझ्याकडे सोपवलं.

मी जुनं अपेंडिक्स काढलं, पहिल्या पानावर आणलं, कव्हर बदललं आणि मिस्टर कोहांना दाखवलं. त्यांनी ते ओळखलं.

“धिस वन डेटा आ?”

“आता आहे. क्लायंटने विचारलंय.”

त्यांनी सही केली.

ब्रेट तर भारावूनच गेला. “ब्रिलियंट. हे आम्हाला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं.” मी म्हटलं, खरंय. त्याने लगोलग मिकला फोन लावला. मिक तेव्हा कोणाच्या तरी घरावर चढला होता. मग ब्रेटने पुन्हा मला फोन केला, तक्रारीच्या सुरात.

“विचित्र माणूस आहे. मी म्हटलं, परत ये. तर विचारतो, सिंगापूर काय म्हणतं? मी म्हटलं, अरे, सिंगापूरनेच सांगितलंय. तर म्हणाला, मागच्या वर्षीही सांगितलं होतं, शेवटची पानं वाच. आणि फोन ठेवला.”

“मग वाचलीत?”

ब्रेटला नेमकी तेव्हाच एक मीटिंग आठवली. मिक परत गेला नाही. गावच्या टीमचा कॅप्टन झाला असं नंतर कळलं.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑफ-कॅमेरा’ नावाचा नवा कॉलम आला. मिस्टर कोहांनी केक कापला. टेप्स मात्र टीव्हीच्याच येत राहिल्या, त्यामुळे त्या कॉलममध्ये सगळ्यांच्या नावापुढे शून्य पडायचं. मी आता मुख्य मुद्दा पहिल्याच पानावर लिहितो. तो कोणी वाचतं असं नाही, पण निदान टाळण्यासाठी त्यांना पान उलटावं लागतं.