वलगणीचा तांबडा मासा

गळ्याशपथ सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. मी एकटाच होतो, साक्षीला कुणी नव्हतं. म्हणजे गणपत होता. खालापूरचा गणपत, आमच्याच पलटणीतला. पण त्याला विचारायला जाऊ नका, तो काहीही सांगेल!

लढाई संपली आणि आमची पलटण जपानात बंदोबस्ताला गेली. शहराचं नाव तेव्हाही माझ्या जिभेवर बसत नव्हतं, आता तर पुढचा दातही पडलाय. त्या शहरात एक बाग होती. बाग म्हणजे काय समजलात? दोन मोगरे आणि एक बाक? अहो, आमचं सगळं कडाव गाव आत मावेल आणि वर भिसेगाव ठेवायला जागा उरेल! मधे तळं, तळ्यावर कमानीचा पूल, एका अंगाला धावायची गोल वाट, पलीकडे पोहायचा हौद आणि कुस्तीचा आखाडा. पैलवान असे, की आपले दोन एकत्र बांधावेत तेव्हा त्यांचा एक व्हावा.

आमचा दुभाषा सांगायचा, इथे पूर्वी कुणा सरदाराचा किल्ला होता. किल्ला गेला, कवायतीचं मैदान झालं. मग बाग आली, खेळ आले. लढाईत मात्र त्या धावायच्या वाटेवर रताळी लावली होती.

"शर्यतीच्या जागेवर रताळी?" मी विचारलं.

"उपाशी पोटी धावणार कोण?" तो म्हणाला.

तिकडेही आपल्यासारखा पाऊस लागतो बरं का. एका दुपारी जरा उघडलं म्हणून मी आणि गणपत बागेत गेलो. तळं तुडुंब भरून बाहेर पडलं होतं, धावायच्या वाटेकडेचा पाट खळखळत होता. आणि त्या पाटातून, उलट्या पाण्याने, हातभर लांबीचा भडक तांबडा मासा वर चढत होता!

"गणपत, वलगण!" मी ओरडलो.

आता मुंबईकरांनो, ऐका. आमच्याकडे पावसाने जोर धरला, की मासे नदी सोडून भाताच्या खाचरांत चढतात. ती वलगण. तळ्यातला मासा तळ्याच्या मालकाचा. पण वलगणीला निघालेला मासा ज्याच्या हाती लागेल त्याचा! हा कायदा कर्जत-खालापुरात रांगतं पोरसुद्धा जाणतं. जपान्यांना माहीत नसेल तर तो माझा गुन्हा?

"नको रं," गणपत म्हणाला, "देवाबिवाचा आसंल."

"देवाचा आसता तर पाटात कशाला आला आसता? आन् डब्यातलं खाऊन खाऊन जिभेला गंज चढलाय माझ्या!"

टाकली बरसाती, उचलला मासा! तेवढ्यात मागून आरोळी आली. बागेचा म्हातारा राखणदार, हातात झाडू. काय ओरडत होता देव जाणे. मला वाटलं, वाटा मागतोय. मी काही एकट्याने खाणारा नव्हे. मी हसून माशाकडे बोट केलं आणि हाताने मधोमध कापल्याची खूण केली. अर्धा तुझा, अर्धा माझा!

म्हातारा असा किंचाळला, की पुलावरची माणसं थांबली.

मग काय, मी सुटलो. मी पुढे, म्हातारा मागे, त्याच्यामागे "आरं सोड त्यो मासा!" करत गणपत. शाळेची पोरं तिथं शर्यतीचा सराव करत होती, त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मी शेवटची दोरी छातीने तोडली. पहिला!

आरडाओरडा ऐकून आलेल्या दुभाष्याने तिथेच मला धरलं. म्हणाला, लढाईत तळ्यातले सगळे मासे लोकांच्या पोटात गेले. या म्हाताऱ्याने एक तेवढा घरी लपवला, आंघोळीच्या लाकडी टबात. माशासाठी त्याने स्वतःची आंघोळ सोडली. तह झाल्यावर तळ्यात सोडला, तो हा!

मला संताप आला. हो, संताप! आधी सांगायला नको? एक पाटी लावायला काय झालं होतं?

"पाटी हाय की ती," गणपत म्हणाला.

"तुला वाचता येती?"

"नाय."

"मग नाय!"

म्हाताऱ्याने मासा पाण्याच्या बादलीत सोडला. मासा आडवा झाला. म्हातारा गुडघ्यावर बसून हाताने हळूहळू पाणी हलवत राहिला. मीही बादलीवर वाकलो, खोटं कशाला बोलू? एकदम शेपटी फाडकन् आपटली आणि अर्धी बादली माझ्या तोंडावर!

आणि म्हातारा उठला, कमरेत वाकला, मला नमस्कार केला. मला! चार शिव्या हासडायच्या सोडून नमस्कार? ही काय रीत झाली? दोन दिवस मला घास गोड लागला नाही.

परवा भिसेगावच्या हॉटेलात हे सांगितलं, तर चहावाला म्हणतो, "आंघोळीच्या टबात मासा? काय पन थापा मारता, आण्णा!"

अरे, तेच तर खरं आहे! थाप दुसरीकडेच आहे, ती एकालाही ओळखता येत नाही!

बरं, ऐका. शर्यतीत मी पहिला आलो नाही. पहिल्याच वळणावर म्हाताऱ्याने मला गाठलं, झाडूसकट. टाळ्या त्याच्यासाठी होत्या.

सगळ्यात मोठ्याने गणपत वाजवत होता.