पांढऱ्यावर खरं दिसते

गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल मोजायची काडी आमच्या शेजारच्या ताई नेहमी पांढऱ्या रुमालाला पुसत. चिंधी चालत नसे. "पांढऱ्यावर खरं दिसते वं," म्हणायच्या. चांगल्या रुमालांचा तो सत्यानाश पाहून माझा जीव जळायचा, पण त्यांना सांगणार कोण?

ताईंच्या डाव्या पायाला पोलिओ. बसची पायरी चढणं होत नसे, क्लच दाबणं होत नसे, म्हणून ही जुनी ऑटोमॅटिक गाडी. दर शनिवारी ती घेऊन त्या एकट्याच खाप्याला, म्हाताऱ्या आईकडे जात. कोणी सोडायला येतो म्हटलं की भडकत. "मी काय पार्सल आहो काय?"

एका शनिवारी गाडी चालू ठेवून, लिव्हर एकेका गिअरवर फिरवून त्यांनी काडी काढली. रुमालावर एरवी लाल उमटायचं, त्या दिवशी काळं उमटलं. वासही करपलेला. आम्ही दोघींनी गाडी तशीच गॅरेजमध्ये नेली.

मिस्त्रीने मान हलवली. "ताई, एवढं जुनं तेल आता बदललं तर गाडी गिअर पकडनच, याची गॅरंटी नाही. नाही बदललं, तर रस्त्यात केव्हाही बसन."

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर! मी म्हटलं, "ताई, राहू द्या. चालते तोवर चालवा."

"आणि खाप्याच्या वाटेत बंद पडली तर?" त्या मिस्त्रीकडे वळल्या. "काढ गा तेल."

काळं तेल गळत राहिलं. मला रडू येत होतं आणि त्यांचा रागही. नवं तेल भरल्यावर ताईंनी लिव्हर पुढे घेतला, ब्रेक सोडला. इंजिन गुरगुरलं. गाडी जागची हलेना.

मिस्त्रीचा चेहरा उतरला. त्याने काडी पाहिली, आणखी थोडं तेल ओतलं.

"काहून घाबरून राहिली वं?" ताई मला म्हणाल्या. आणि लिव्हर मागे घेऊन पुन्हा पुढे टाकला.

मग एक हिसका बसला आणि गाडी सरकली. ताई तशाच निघाल्या, सरळ खाप्याला, मला गॅरेजमध्ये उभी ठेवून! मी ऑटोने घरी आले, त्यांना शिव्या घालत, डोळे पुसत.

ताईंना जाऊन आता वर्ष होत आलं. मी त्यांची गाडी चालवायला शिकले. शनिवारी काडी पांढऱ्या रुमालाला पुसते आणि खाप्याला जाते. ताईंच्या आईला लेक गेल्याचं ठाऊक आहे. तरी गाडीचा आवाज आला की ती दारात येते आणि मी उतरले की आधी माझ्या पायांकडे बघते.